जमदग्नीला घर हवंय

"चावतो का हो?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

बाईंच्या आवाजात माया होती. एवढ्यात मुकाट्याने "छे छे" म्हणून मोकळं व्हायचं, तर मी म्हणालो, "सगळ्यांना नाही चावत."

"मग कोणाला?"

"जवळ येतील त्यांना."

फोन बंद. जमदग्नीचं हे सातवं घर हुकलं, तेही तो कोणाला न चावता.

ज्यांना कोणी घेत नाही असे ससे मी सांभाळतो. कापसाच्या बोळ्यासारखी पिल्लं हातोहात जातात. माझ्याकडे उरतो तो शिल्लक माल. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या आजीबाईंकडे बघून लोक एक पाऊल मागे सरकतात. तिरपेबुवांची मान एका आजारपणात जी कलली ती कललीच, त्यामुळे ते सतत तुमच्या बोलण्यावर शंका घेतायत असं वाटतं. आणि दोन सख्ख्या बहिणी म्हणून कोणीतरी हौसेने आणलेली जोडी. त्यातली एक बहीण यथावकाश बाप झाली. पिल्लांमधले नर-मादी ओळखताना भलेभले फसतात, आणि सशिणीचे दिवस भरायला जेमतेम ३१ दिवस लागतात. व्यायल्यावर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून माझ्याकडे आलेल्याची आधी नसबंदी, मग विचारपूस.

भित्र्या माणसाला 'सशाच्या काळजाचा' म्हणणाऱ्याला मी एकदा जमदग्नीच्या खोलीत सोडणार आहे. तो आधी मागचा पाय जमिनीवर आपटतो. ही शेवटची सूचना. मग घोटा. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे सतत काहीतरी कुरतडायला हवंच. त्यासाठी मी गवताचे भारे आणून टाकतो, पण त्याला आवडतात वायरी.

बाकी सगळं सोसतो मी, पण सशाने खाणं टाकलं की माझं पाणी पाणी होतं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर आतडी थंडावतात, आणि ओकून मोकळं होण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. मागे जमदग्नी असाच कोपऱ्यात गोळा होऊन बसला. डॉक्टरांकडे पळवला, इंजेक्शनं झाली, "आता लेंड्यांवर लक्ष ठेवा" असा आदेश मिळाला. तेव्हा मी रात्री दोन वाजता बॅटरी लावून जमिनीवर पालथा. सिरिंजने भरवलेलं निम्मं त्याच्या मिशांना, निम्मं माझ्या बाहीला. पहाटे चारच्या सुमारास एक लेंडी पडली. वाटाण्याहून लहान, वाळकी, पण गोल! बायकोला उठवून दाखवली. तिने एक डोळा उघडून ती पाहिली, मग मला पाहिलं आणि कूस बदलली. तेवढ्यात त्याने दुसरी टाकली आणि पाठोपाठ माझा अंगठा धरला. त्या चाव्याइतका आनंद मला पगारवाढीनेही झालेला नाही.

तर परवा पुन्हा फोन. एक गृहस्थ. "तो चावरा ससा आहे ना, तोच हवाय मला."

मी सावध झालो. "ससा आठ-दहा वर्षं जगतो, ठाऊक आहे ना?"

"हो."

"उचललेलं खपत नाही त्याला. लाथा झाडताना स्वतःचाच कणा मोडून घेतील, असली जात."

"नाही उचलणार."

"गाजर मुख्य जेवण नव्हे. गवत लागतं."

"साठा करून ठेवलाय."

माणसात खोट सापडेना. माझी चिडचिड व्हायला लागली. वायरींचं काय करणार हे विचारायला तोंड उघडलं, तोच मोबाईलने चार्जिंग संपत आल्याचा गजर केला. धावत जाऊन चार्जर लावला. ढिम्म. वायर हातात धरून वर ओढली तर ती वीतभरच निघाली. उरलेली पलंगाखाली जमदग्नीसमोर पडली होती. (बटण बंद होतं, म्हणून आज दोघेही आहोत.) फोन विझला.

शेजाऱ्यांकडे चार्जर आहे. उद्या सकाळी मागेन म्हणतो. फार घाई नाही.