मसाई पठार बघायचं तर धुक्यातच

पावसाळ्यात पन्हाळा-मसाईकडं जाऊन आलेली मंडळी ‘नुसतं धुकं होतं, काय दिसलंच नाही’ म्हणतात, तेव्हा मनापासून वाईट वाटतं. अहो, तेच तर बघायचं होतं!

उन्हात हे पठार एका नजरेत संपतं. लांबवर सपाट गवत, कडेला दरी, झालं. धुक्यात पुढची दहा-वीस पावलंच काय ती दिसतात. मग नजर आपसूक खाली येते, आणि मसाईवरचं खरं बघण्यासारखं सगळं पायाशीच आहे. जांभ्यावर जेमतेम बोटभर माती, तीही पावसानं कस धुऊन नेलेली. पाऊस ओसरायला लागला की तिथंच सीतेची आसवं फुलतात. नखाएवढं निळं-जांभळं फूल, गुडघे टेकून बघावं लागतं. या रोपाला ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात. पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात आणि जमिनीत न मिळणारं नत्र रोपाला तिथून मिळतं. शेजारी गेंदाची पांढरी गोल डोकी वाऱ्यावर डुलत असतात.

अरबी समुद्रावरून येणारं दमट वारं सह्याद्रीवर चढताना गार होतं आणि त्याचे ढग बनतात. आपण चालतो ते त्या ढगातूनच. म्हणून पावसाचा थेंब नसतानाही भुवया, केस, जाकीट सगळं ओलंचिंब. हिवाळ्यातलं पंचगंगेकाठचं धुकं निराळं, ते रात्री जमीन गार पडल्यानं खाली साचतं. तेव्हा पहाटे जोतिबाच्या डोंगरावर जावं. आपण उन्हात आणि धुकं खाली पसरलेलं, तोही थाट बघण्यासारखा.

पण मला ओढ पावसाळ्यातल्या मसाईचीच. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवराय सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडं निघाले, ते याच वाटेनं. अंधार, पाऊस, चिखल, खांद्यावर पालखी आणि मागावर शत्रू. शाळेत हे सगळ्यांनीच वाचलंय. इथं दिवसाढवळ्या, हातात मोबाईल असून पुढची वाट दिसत नाही, तेव्हा त्या मावळ्यांनी काय केलं ते कळतं. अंगावर काटा येतो.

नवख्यांनी वाट माहीत असलेलं माणूस सोबत घ्यावंच. पठार सगळीकडं सारखंच दिसतं, दिशा चुकायला वेळ लागत नाही. कडेला जाऊन फोटो काढायचा मोह तर टाळाच.

आणि एक कळकळीची विनंती. गाड्या पठारावर घालू नका, राव. चाकाखाली ती बोटभर माती उखडते, तिच्याबरोबर तिथली फुलंही जातात. गाडी रस्त्याकडेला लावा, स्पीकर गाडीतच ठेवा आणि पुढं चालत जा. चाल फार नाही, घरातल्या पोरांनाही जमते. उतरल्यावर पन्हाळ्यावर गरम झुणका-भाकरी आहेच.