चिठ्ठी लोणच्यात घालतं का कोणी?

मे महिना, सोलापूर, बाहेर 43 डिग्री, आणि माझा लॅपटॉप त्याच्याशी पैज लावल्यासारखा तापलेला. कारण काय, तर गच्चीवरच्या टाकीचं सिम्युलेशन. नळाला पाणी काही दिवसांआड, त्यात कूलर किती पितो, धुण्याला किती जातं, एवढंच मॉडेल. पण पायथन (मी कोड लिहितो ती भाषा) त्याचं सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेत रूपांतर करून कंपाईल करायला, म्हणजे मशीनला कळेल असं करायला बसला की दोन-दोन मिनिटं नुसता फॅन घोंघावतो, कोडात काही बदल नसला तरी दरवेळी तेच.

म्हटलं, एकदा कंपाईल झालेलं पिकल करून, म्हणजे फाईलमधे साठवून ठेवू. (पायथनमधे पिकल म्हणजे खरंच लोणचं, मॉड्यूलचं नावच ते आहे, मी काय करू!) फाईलचं नाव म्हणजे मॉडेलच्या कोडचा हॅश, म्हणजे कोडवरून काढलेला ठसाच, कोड बदलला की हॅश बदलणार, की नवी बरणी. लई हुशार वाटलं बे स्वतःला.

मग नमपाय, म्हणजे पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी, अपडेट केलं. त्याचं 1.0 आलं 2006 ला आणि 2.0 यायला 2024 उजाडलं, म्हणजे इतकी वर्षं गप नांदलेलं ते, आणि मी हात लावल्यावरच रुसलं. माझा कोड तोच, हॅश तोच, म्हणून जुनीच बरणी उघडली गेली आणि स्क्रीनभर एरर, 1.x वर कंपाईल झालेलं 2.0 वर चालत नाही म्हणे.

ठीक आहे, व्हर्जन लिहून ठेवू. एक डिक्शनरी (पायथनमधला नावं लावलेल्या कप्प्यांचा डबा) केली, त्यात व्हर्जन आणि मॉडेल दोन्ही, आणि पुन्हा पिकल. पुढं पायथनचंच व्हर्जन बदललं, आणि व्हर्जन वाचायला फाईल उघडावी लागते, उघडली की आतलं मॉडेल लोड होतं, आणि व्हर्जन वाचायच्या आधीच सगळं आडवं! डोकं धरून बसलो.

आई कडक भाकरी मोडत बघत होती. तिच्या बरण्यांवर बाहेरून चिठ्ठ्या असतात, 'कैरी, मे, गूळ जास्त'. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "अरे, चिठ्ठी लोणच्यात घालतं का कोणी?"

पायथन स्वतः हेच करतो की, 3.2 पासून कॅशच्या, म्हणजे कंपाईल झालेलं साठवायच्या फोल्डरात फाईलच्या नावातच सीपायथन-312 (म्हणजे व्हर्जन 3.12) असं लिहून ठेवतो. रोज डोळ्यांसमोर होतं राव. आता माझ्या फाईलच्या नावातच हॅश, पायथन, नमपाय, कंपायलर सगळ्यांची व्हर्जन्स, नाव हुतात्मा एक्स्प्रेसएवढं लांब झालंय. जुळलं नाही तर फाईलला हात न लावता नव्यानं कंपाईल, फॅन घोंघावला तर घोंघावू दे.

परवा फळीवर मागं एक बरणी सापडली, चिठ्ठी गळून पडलेली. आई म्हणाली, "चाखून बघ जरा."

म्हटलं तूच बघ, माझं दोनदा तोंड भाजलंय.