लव्हेंडर, शंभरच्या नोटेचा

परवा नाशिकच्या मेनरोडवरच्या एका मॅचिंगच्या दुकानात मला चोर ठरवण्यात आलं. मुद्देमाल: भरतकामाच्या सात लड्या. एकूण किंमत एका मिसळीइतकी, तीही जादा पावाशिवाय.

नणंदेच्या नातीच्या फ्रॉकवर फुलपाखरू भरायचं होतं. साधं नाही, पंखांच्या आत फुलं असलेलं. नणंदेने मोबाईलवर चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘वहिनी, फक्त एवढं छोटंसं फुलपाखरू. तुला काय, बसल्या बसल्या होईल.’ या बसल्या बसल्याचा समाचार पुढे घेते. आधी दुकान.

दुकानात वर डोळे दिपवणारे पांढरे एलईडी. त्या उजेडात अबोली आणि पीच सख्ख्या बहिणी वाटतात. घरी खिडकीशी नेल्या की एकमेकींचं तोंड बघत नाहीत. रंग दिवसाच्या उजेडात बघून घ्यावा ही भरतकामाची पहिली शिस्त. म्हणून मी लड्या मुठीत धरून पायरीवर आले. एक पाय आत, एक बाहेर. पर्स तर आत काउंटरवरच होती, म्हणजे पळून जायचंच असतं तर मी दुकानाला फायद्यात टाकून गेले असते. तेवढ्यात आतून मालक गरजले, ‘ओ मॅडम! पैसे राहिले!’

मेनरोड हा काही शांत रस्ता नाही. रविवार कारंज्यापासून हॉर्न, ढकलगाड्या, ‘बाजूला व्हा’ आणि सिंहस्थासाठी चाललेलं खोदकाम, एवढ्या गोंगाटात माणसाला स्वतःचा फोन ऐकू येत नाही. पण हे वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं. समोरच्या भांड्यांच्या दुकानातला माणूस तांब्या पुसायचा थांबला. स्कूटरवरची एक बाई मागे वळून बघताना दुसऱ्या स्कूटरवर जाणार होती. आणि दुकानातला पोऱ्या येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. बोलला काही नाही. नुसता उभा राहिला, माझ्या मुठीकडे बघत.

‘रंग बघतेय,’ मी म्हटलं.

‘बघा ना,’ तो म्हणाला, आणि हलला नाही.

दाराशी लाल प्लास्टिकच्या स्टुलावर एक काका बसले होते. मॅचिंगच्या दुकानात असे एक काका असतातच. काकू आत ब्लाउजपीस आणि अस्तराची पत्रिका जुळवत असतात आणि हे मांडीवर भाजीची पिशवी घेऊन त्यांची वाट बघतात. हे काका मात्र नुसते वाट बघणारे नव्हते.

‘त्यात वाईट काय वाटून घ्यायचं, ताई?’ ते म्हणाले. ‘मी नाशिकरोडला प्रेसमध्ये होतो. सगळी नोकरी रोज गेटवर झडती दिली. डबासुद्धा उघडून दाखवायचा. माल दाराबाहेर चालला की तपासणी होणारच.’

‘काका, हा दोरा आहे.’

‘आणि नोट म्हणजे काय? कागदच ना? तोही कापसाचा. तुमचा दोरा कापसाचा, आमची नोट कापसाची. फरक आहे तो फक्त छपाईचा.’

इथे परगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. नाशिकरोडला नोटांची छपाई 1928 पासून चालते, आणि प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस नाशिकमध्ये लांबून ओळखू येतो. वेळेचा पक्का, आवाजाचा खणखणीत आणि हातात पडेल तो कागद उजेडाकडे धरून बघणारा. काकांनी माझ्या हातातलं डिझाईन मागून घेतलं आणि खरोखरच उन्हाकडे धरलं. त्यात वॉटरमार्क नसल्याची खात्री पटल्यावर म्हणाले, ‘हे चुकलंय.’

‘काय चुकलंय?’

‘फुलपाखरू फुलावर बसतं. इथे फुलं फुलपाखरात बसलीत.’

‘ते तसंच असतं, काका. डिझाईन आहे.’

‘कुठलं फुलपाखरू आहे हे?’

‘नुसतं फुलपाखरू.’

‘नुसतं कसं असेल? माणूस कधी नुसता असतो का? कुठला तरी असतोच ना?’

आता मलाही चेव आला. म्हटलं, 2015 साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला, म्हणजे राणी पाकोळीला, राज्य फुलपाखरू जाहीर केलं; असं करणारं देशातलं पहिलं राज्य. काळ्या मखमली पंखांवर निळे ठिपके. तेच समजा. 403 नंबरचा काळा घेते आणि विषय संपवते.

‘काळा?’ काकांचा चेहरा पडला. ‘लहान मुलीच्या फ्रॉकवर काळा? संक्रांत आहे का?’

पोऱ्या हसला. मघापासूनचा त्याचा तो पहिला मानवी उद्गार.

वास्तविक माझे रंग ठरलेले होते. पंख अबोलीच्या तीन छटांत: अंगालगत गडद, मध्ये मधली, कडेला फिकट. छटा एकाच घराण्यातल्या घ्यायच्या, म्हणजे एकीतून दुसरीत जाताना शिवण दिसत नाही, उजेड पडल्यासारखा वाटतो. आतली फुलं पांढरट आणि लिंबू कलरची, पानं मेंदी, अंग तपकिरी. लड्या शेजारी शेजारी ठेवून डोळे अर्धे मिटून बघायचं. दोन रंग एकमेकांत विरघळले तर त्यातला एक बदलायचा. मी पायरीवर तेच करत होते. पोऱ्याला वाटलं असावं, चक्कर येतेय.

‘तुम्ही लव्हेंडर घ्या,’ काका म्हणाले.

‘मला अबोली हवाय.’

‘लव्हेंडर घ्या. शंभरच्या नोटेचा. लोकांच्या डोळ्यांना सवय आहे त्याची. फुलं लव्हेंडर, मधला ठिपका पिवळा, दोनशेच्या नोटेचा. पंखाच्या कडेला पन्नासचा निळा. पानांना वीसचा, हिरवट पिवळा. अंग चॉकलेटी, दहाच्या नोटेचं.’

‘आणि पाचशे?’ मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवेना.

‘पाचशेचा दगडी राखाडी. तो बाहेरच्या रेघेला. काळ्याने डोळ्यांत खुपतं, राखाडीने रेघ बसते.’

‘मॅजेंटा घेऊ का थोडा?’

काकांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. ‘तो दोन हजारचा. 2023 मध्ये मागे घेतला. कशाला घेताय?’

यातला सगळ्यात संतापजनक भाग हा, की रंगसंगती चांगली होती. लव्हेंडरशेजारी पिवळा खुलतो, हे रंगचक्र बघितलेल्या कुणालाही माहीत असतं. दोघं समोरासमोर बसतात. राखाडी रेघेचं तर मला स्वतःला सुचायला हवं होतं असं कुणीही म्हणेल, पण मी नाही म्हणणार. माझा अबोली मला हवा होता.

आणि पोऱ्याचं बघा. अबोलीची गडद छटा मी आल्यापासून मागत होते, तर ‘संपलीय, पुढच्या आठवड्यात’ एवढंच उत्तर. काका ‘लव्हेंडर’ म्हणाले मात्र, तो आत गेला, शिडी लावली, वरच्या खोक्यातून लव्हेंडरच्या तीन छटा काढल्या आणि काकांच्या हातात दिल्या. काकांच्या. दोरा मी भरणार, पैसे मी देणार, संशयित मी; आणि शेड कार्ड बघायला काकांना.

मालकही काउंटरवरून वाकून म्हणाले, ‘काका बरोबर बोलतायत, मॅडम. जेन्ट्स लोकांची नजर वेगळी असते.’

भरतकामाचे दोरे बनवणाऱ्या डीएमसीच्या रंगपत्रिकेत पाचशे रंग आहेत. फ्रान्समधली ही कंपनी 1746 पासून चालू आहे. एवढ्या वर्षांत त्यांच्या पाचशे रंगांमधून निवड मुख्यतः कुणी केली असेल, यावर मालकांनी दुपारी दुकान बंद असताना विचार करावा.

रंग झाल्यावर काका टाक्यांकडे वळले. ‘दोरा किती पदरी?’

‘सहा.’

‘आणि तुम्ही किती वापरणार?’

‘दोन.’

‘मग चार पदर फुकट?’

त्यांना समजावलं, की लडी आठ मीटरची असते, हातभर दोरा कापायचा, त्यातले दोन पदर वेगळे काढायचे, उरलेले चार पुढे वापरायचे. फेकायचं काही नाही. सहाच्या सहा ओवले तर बाळाच्या फ्रॉकवर फुलपाखरू नाही, गाठोडं दिसेल. काकांना हिशेब पटला, पण त्यांनी लगेच दुसरा मुद्दा काढला: टाका एकच ठेवा, सगळीकडे. एकसारखेपणा हवा. नोटेवर सगळ्या रेघा एका जातीच्या असतात.

इथे मात्र मी सोडलं नाही. पंखाचं क्षेत्र मोठं असतं. तिथे या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ सॅटिन टाका घातला तर दोरा लांब सुटतो, सैल पडतो, आणि बाळाची बोटं त्यात अडकली की पहिल्याच दिवशी पंख उसवतो. तिथे लांब-आखूड टाकाच हवा, कडेकडून अंगाकडे जाणारा. सॅटिन छोट्या पाकळीला. देठाला देठटाका, कारण तो वळतो. बारीक फुलांना सुटी साखळी, गुलाबाला बुलियन. मिशांच्या टोकाला गाठीचा टाका, कारण फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ असतेच. पतंगाच्या मिशा वेगळ्या. एवढं सगळं मी मेनरोडच्या पायरीवर उभी राहून सांगितलं. स्कूटरवरची बाई परत फिरून आली होती. तिनेही ऐकलं.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मिशांचं मात्र बरोबर आहे.’

तेवढ्यात काकू आतून आल्या. हातात रामा रंगाचा ब्लाउजपीस. परिस्थिती त्यांनी एका नजरेत ओळखली. ‘यांचं ऐकताय? आमच्या हॉलचे पडदे यांनी निवडलेत. पाहुणे आले की मी दिवा लावत नाही.’

मला काकूंबद्दल प्रेमाचा उमाळा आला. तो पुढच्याच वाक्याला ओसरला. ‘पण तुम्ही एवढं हाताने करता कशाला हो? कंप्युटर मशीनवर करून देतात. दहा मिनिटांत. सिडकोत आमच्या शेजारीच आहे.’

हे वाक्य मी लग्नकार्यात ऐकलंय, बसमध्ये ऐकलंय, दवाखान्यात वाट बघत भरत बसले होते तेव्हा नर्सकडून ऐकलंय. दहा मिनिटांत पोळ्याही विकत मिळतात, पण पोळी लाटणाऱ्या बाईला कुणी रस्त्यात थांबवून सांगत नाही. हातात भरतकामाची रिंग दिसली की मात्र सगळ्यांना मशीन आठवतं. याच लोकांच्या घरात कार्य निघालं की ‘तुझ्या हातचं हवं हं’ असा फोन येतो. हातचं हवं, पण हाताला वेळ लागतो हे मान्य नाही. येवल्याच्या पैठणीपुढे हेच लोक हात जोडतात, किती महिने लागले विचारतात. माझ्या रिंगेपुढे विचारतात, टीव्ही बघता बघता होतं ना?

नाही होत. एक बुलियन गुलाब घ्या. सुई अर्धी कापडात, अर्धी वर. वरच्या टोकाला दोरा आठ-नऊ वेळा गुंडाळायचा, घट्ट नाही, सैल नाही. मग वेटोळी डाव्या अंगठ्याखाली दाबून सुई ओढायची. श्वास रोखून. कधी दोरा सुळकन येतो. कधी चौथ्या वेढ्याशी अडकतो आणि तिथे एक गाठ बसते, जी ना पुढे जाते ना मागे. मग कात्री. एका गुलाबाला अशी पाच-सहा वेटोळी, एकमेकांना बिलगून. टीव्हीवर कोण कुणाची सून आहे, याची दखल त्यात कशी घेणार? आणि याला नणंदबाई ‘बसल्या बसल्या’ म्हणतात. उभ्या उभ्या कोण भरतं? रिक्षावालाही बसल्या बसल्याच रिक्षा चालवतो. त्याला कुणी ‘फक्त एवढं नाशिकरोडला सोड’ म्हणून फुकट नेत नाही.

असो. बिल झालं. पिशवीत अबोलीच्या दोन छटा होत्या आणि लव्हेंडरच्या तीन. त्या कुणी टाकल्या याचा तपास मी केला नाही, पैसे दिले. निघताना मालक अगदी गोड हसून म्हणाले, ‘परत या, मॅडम.’ पोऱ्या पायरीपर्यंत सोडायला आला. का, ते कळलं.

तीन छटांशिवाय पंख भरता येत नाही आणि तीन छटा फक्त लव्हेंडरच्या होत्या. तेव्हा वरचे दोन पंख लव्हेंडर झाले. फुलांच्या मध्ये दोनशेचा पिवळा. कडेला राखाडी रेघ, पंखांना उठाव यावा म्हणून. काल संध्याकाळी खिडकीशी धरून फोटो काढला आणि नणंदेला पाठवला. लगेच उत्तर आलं, तीन बदामांसकट: ‘अय्या वहिनी, कित्ती सुबक! अगदी मशीनवर केल्यासारखं वाटतंय!’

मी अजून उत्तर दिलेलं नाही. खालचे दोन पंख बाकी आहेत, आणि फ्रॉक माझ्याकडे आहे.