एंजल बेटावरच्या कविता १८८५ च्या नाहीत

लाकडी भिंतीवर कोरलेल्या चिनी कवितांचा एक फोटो फिरतोय. १८८५ साली आगबोटीने सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या चिन्यांनी त्या एंजल बेटावरच्या कोठडीत कोरल्या, असं खाली लिहिलंय. कविता खऱ्या, बेटही खरं. साल मात्र साफ चुकलंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या या बेटावरचं, बाहेरून आलेल्यांना तपासणीसाठी अडकवून ठेवायचं केंद्र उघडलंच मुळी जानेवारी १९१० मध्ये.

त्याआधी हाँगकाँग-योकोहामाकडून आलेल्या उतारूंची कागदपत्रं पटली नाहीत, तर त्यांना बोटीवरच अडकवून ठेवत. पुढे पुढे पॅसिफिक मेल कंपनीच्या धक्क्यावरल्या लाकडी शेडमध्ये कोंबू लागले. वाँग किम आर्क हा तर सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मलेला आचारी. ऑगस्ट १८९५ मध्ये ‘कॉप्टिक’ बोटीने चीनहून परतला, तर तू इथला नागरिक नाहीस म्हणून त्याला उतरूच दिलं नाही. या बोटीवरून त्या बोटीवर, असे काही महिने बंदरातच गेले, स्वतःच्या गावासमोर! १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला.

१८८२ च्या अमेरिकन कायद्याने ‘सगळ्या चिन्यांना’ देशात यायला बंदी झाली, असंही त्याच मजकुरात आहे. तेही अर्धवटच. बंदी मजुरांवर होती; व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक यांना दाखला दाखवून उतरता येई.