हाड ‘हो’ कधी म्हणतं? मंगोल शकुनांवरच्या आक्षेपाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही नीट देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मेंढीचं हाड भाजायचं आणि सांगणाऱ्याने हवा तो अर्थ काढायचा, आपल्या कोकणातल्या कौलासारखाच हा प्रकार, मंगोल खानाने आपला निर्णय हाडावर सोपवणं नामुष्कीचं, आणि आता मंगोलियात हे कुणी करतही नाही.

‘हवा तो अर्थ’ हे अजिबात पटत नाही. १२५४ साली मंगोल सम्राट मोंके खानाच्या दरबारात असलेल्या रुब्रुकच्या विल्यम या ख्रिस्ती साधूने सगळी रीत लिहून ठेवली आहे. मेंढीच्या खांद्याचे तीन फरे न भाजलेले खानापुढे आणत. तो ते हातात धरून मनात प्रश्न योजायचा, मग ते जवळच्या छोट्या घरांत काळे होईपर्यंत भाजत. परत आल्यावर स्वतः खानच बघायचा. तडा उभा, सरळ गेला तर काम करायचं. आडवा गेला किंवा गोल कपचे उडाले तर नाही. आणि तिन्हींतला एक जरी सरळ तडकला तरी पुरे!

हा शेवटचा नियम नीट बघा. तीन संधी आणि एक होकार पुरेसा, म्हणजे पारडं आधीपासून ‘करा’कडेच झुकलेलं. त्यामुळे माझ्या मते बेत आधी ठरायचा, हाडाकडून फक्त मुभा घ्यायची. कौलात गुरव देवाला विचारतो. इथे मधे कुणी नाही, विचारणारा आणि वाचणारा खानच.

हाडाशिवाय खड्यांचाही शकुन असतो, त्यात तर चूक लपतच नाही. ४१ खडे घ्या, अंदाजाने तीन ढीग करा. प्रत्येकातून चार-चार काढत जा. उरतील ते वरच्या ओळीत मांडा, काहीच उरत नसेल तर शेवटचे चार मांडा. समजा ढीग १४, १६, ११ पडले, तर ओळ २, ४, ३, बेरीज ९. ओळीबाहेरच्या ३२ खड्यांचे पुन्हा तीन ढीग, मधली ओळ; मग खालची. पहिल्या ओळीची बेरीज ५ किंवा ९ च येणार, पुढच्या दोन्हींची ४, ८ किंवा १२. दुसरा आकडा आला की मोजणी चुकली किंवा खडा हरवला. मांडणी मोडून पुन्हा पहिल्यापासून. नवशिके बहुतेक वेळा ‘शून्य’ उरलं म्हणून जागा रिकामी सोडतात, तिथेच गडबड होते. अर्थ लावताना मतभेद होतील, मांडणीत नाहीत.

आता ‘कुणी करत नाही’बद्दल. मेंढीच्या घोट्याची हाडं, शागाई, मुलं आजही खेळतात आणि त्यांचाच कौलही घेतात. चार हाडं टाकायची. घोडा, उंट, मेंढी, बकरी अशा चारही बाजू वेगवेगळ्या पडल्या तर उत्तम. केस कापायचा दिवस तर राजधानी उलानबातरमधली शहरी माणसंही चांद्र पंचांगात बघतात, आणि वर्तमानपत्रं तो रोज छापतात. घरून कुणी प्रवासाला निघालं की मागे दूध शिंपडतात, त्यासाठी नऊ खळग्यांचा लाकडी चमचा, त्साट्सल, घरात असतो.