बुवांच्या नाकावरचा डाग

डाव्या बुवांच्या नाकावर लाल ठिपका आला, यात माझा काडीचाही हात नाही. काल रात्रीपासून वाडीत भेटेल त्याला हेच सांगतोय. ऐकणारा मान हलवतो आणि पाठ वळली की हसतो.

गणपतीत आमच्या वाडीत डबलबारी आहे, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. "तुझ्याकडे कलर प्रिंटर आसा मा," या एका वाक्यावर पत्रकं माझ्या गळ्यात पडली. दोन बुवा, दोन फोटो, खाली महाप्रसाद. कागद बाहेर आला तर डाव्या बुवांच्या नाकावर किरमिजी ठिपका आणि उजव्या बुवांचा गाल फिकट. डाव्यांची माणसं म्हणाली, बुवा 'घेतात' असं मुद्दाम सुचवलंय. उजवे बुवा माझ्या सासुरवाडीचे, त्यामुळे संशयाला जागा आयतीच.

कार्ट्रिज काढून हलवून पाहिली, कॅलिब्रेशन केलं, सफाईचं पान काढलं. पुस्तिकेत असतं ते सगळं झालं. मग हेल्पलाइन. पलीकडच्या मुलीने विचारलं, "सर, आपल्या रूममध्ये ह्युमिडिटी किती आहे?"

"मॅडम, सिंधुदुर्गात श्रावण चाललाय. भिंतीला शेवाळ आलंय."

"सर, प्रॉडक्ट ८० टक्क्यांपर्यंतच सपोर्ट करतं."

म्हणजे पावसाचे चार महिने मी त्यावर कपडे वाळत घालायचे. नंतर इंजिनियर आला, त्याने कागद बोटांत चुरगाळला, "हवा," म्हणाला, चहा प्यायला, व्हिजिटचे पैसे घेऊन गेला.

हवेचं अगदीच खोटं नव्हतं, हे नाइलाजाने मान्य. लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये शाई नसतेच, असते प्लास्टिकची बारीक पूड. ती विजेच्या भाराने कागदावर ओढली जाते आणि पुढे दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरखाली वितळून चिकटते. कागद दमट असला की भार कागदातूनच निसटतो, पूड नीट बसत नाही, रंग फिकट पडतो. अमेरिकेत चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी ही विद्या पहिल्यांदा साधली. गंधक लावलेला जस्ताचा पत्रा सुती रुमालाने घासून त्यावर भार आणला. पठ्ठ्याने हाच उद्योग मालवणात आषाढात केला असता तर रुमाल आधी चुलीवर वाळवावा लागला असता आणि जग आजही कार्बन पेपर वापरत बसलं असतं. मी नवं रीम उघडलं, उरलेले कागद पापडाच्या डब्यात घट्ट बंद केले, आणि उजवे बुवा ताजेतवाने झाले. सासुरवाडी खूश. ठिपका मात्र होता तिथेच. डाव्यांच्या गोटात संशय पक्का.

अशा वेळी आबा आले. आबा म्हणजे शेजारचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. येतात सात-बाराची झेरॉक्स काढायला आणि बसतात जेवणवेळेपर्यंत. पडवीत मंडळाची पोरं, मधोमध मी, भोवती वाया गेलेले कागद.

"ह्या काय रे? बुवांच्या नाकार काय झाला?"

"आबा, ता प्रिंटरमुळे."

"प्रिंटराक काय म्हायत बुवांचा नाक खंय आसा ता?"

पोरं हसली. आबांनी दुसरा कागद उचलला. "ह्या कागदार तर गालार इलोहा." तिसरा उचलला. "आणि ह्येच्यार हनवटयेर. बुवा हलतत की काय?" मग ते शेणाने सारवलेल्या जमिनीवर उकिडवे बसले, लेंग्याच्या खिशातून सुताराचा टेप काढला (हा माणूस टेप घेऊन का फिरतो, हे विचारायची सोय नाही) आणि एकाच कागदावरचे ठिपके मोजायला लागले. एक नाकावर, एक 'महाप्रसाद'च्या 'प्र'वर, सगळे एकाच उभ्या रेषेत.

"साडेसात सेंटीमीटर. परत साडेसात. परत साडेसात." आबांनी चष्मा वर केला. "अरे, ह्या गोल फिरणाऱ्या वस्तूचा काम. टायराक खिळो बसलो की चिखलार तेवढ्याच अंतरार उमटत जाता. साडेसाताक तीन पूर्णांक चौदान भाग."

एका पोराने मोबाइलवर भागलं. व्यास चोवीस मिलीमीटर भरला.

"चोवीस मिलीमीटरचो रूळ हुडक. लाल डाग, तर लाल डब्यात."

किरमिजी कार्ट्रिज बाहेर काढली. ड्रम, म्हणजे पूड कागदापर्यंत नेणारा रूळ, त्यातच असतो, हिरवट, चकचकीत. त्यावर नखाएवढा ओरखडा. "आबा, उजेडात धरू नका, ड्रम खराब होतो!" मी ओरडलो.

"झालोच हा तो. आता काय व्हतला?" मग अगदी मवाळ आवाजात, "तुझो इंजिनियर काय म्हणालो?"

"हवा."

"हवा माकापण लागता रे. माझ्या नाकार खंय डाग आसा?"

त्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पडवीत, माझा चहा पिऊन.

राग आबांवर नाही, म्हणजे आहे थोडा. खरा राग त्या 'हवा'वाल्यावर. एकसारख्या अंतरावर येणारे डाग मोजून दोषी रोलर ओळखायचा, ही त्यांच्याच धंद्यातली जुनी रीत. शहरातल्या गिऱ्हाइकाला बहुधा तो डाग मोजून देत असेल. आमच्याकडे आला की पावसाकडे बोट दाखवायचं आणि एसटीची वेळ गाठायची. त्यात कार्ट्रिजची किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. चारही रंग घेतले तर जवळपास नवा प्रिंटर. आणि नव्या प्रिंटरसोबत येणारी कार्ट्रिज बहुतेकदा अर्धवट भरलेलीच असते, म्हणजे तिथेही आपणच.

आबाच म्हणाले, "काळ्यात काढ. लाल डबो लागाचोच नाय." काढली. स्वच्छ, एकही डाग नाही. गठ्ठा दोन्ही बुवांकडे पोचला आणि तासाभरात डाव्या बुवांचा फोन.

"काळोपांढरो फोटो कशाक? मी अजून जित्तो आसंय!"

शेवटी पत्रकं कुडाळच्या एका प्रेसमधून आली. रंग झकास, नाकं स्वच्छ, डबलबारीची तारीख चुकीची. प्रेसवाल्याला अजून कोणी एक शब्द बोललेलं नाही. पोरं म्हणतात, तारीख पेनाने दुरुस्त करू, आणि पेनं घेऊन माझ्याच पडवीत बसलीत.