शूलिभंजनच्या फाट्यावरून

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले नाही. आधी वाईट वाटलं, मग हळूहळू पटत गेलं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. छत्रपती संभाजीनगरात मुक्काम करून गाडीशिवाय देवगिरी (म्हणजे दौलताबादचा किल्ला), खुलताबाद, वेरूळ कसं फिरावं, यावरचा माझा लेख वाचून हे दादा एप्रिलमध्ये परभणीहून आले. सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. खुलताबादला उतरलात की शूलिभंजनला, डोंगरावरच्या दत्ताच्या दर्शनाला जाऊन या, तिकडं "काही ना काही मिळतंच", असं मी लिहिलं होतं. जाताना रिक्षा मिळाली. येताना भर दुपारी दीड तास काहीच मिळालं नाही. पाण्याची बाटली संपली, आई रस्त्याकडेच्या दगडावर पदर डोक्यावर घेऊन बसून राहिल्या. शेवटी एका जीपवाल्यानं मागितले तेवढे पैसे मोजावे लागले. दादांनी लिहिलंय, "ताई, तुम्ही धडधाकट आणि एकट्या. तुम्हाला हे जमतं. खेड्यातल्या माणसासाठी एसटी म्हणजे नाइलाज आहे. नाइलाजाचं कौतुक करू नका."

चूक माझी आहे. आईंची माफी मागते, माझा निरोप त्यांना जरूर सांगा. मी तिथं गेले होते ती मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आसपास, वर दर्शनाला रीघ असताना. त्या दिवसांत रिक्षा मिळते. एप्रिलच्या दुपारी त्या डोंगरावर कोण असणार? एका दिवसाचा अनुभव मी बारा महिन्यांचा म्हणून लिहिला. लिहिणाऱ्यानं हे करू नये, विशेषतः ज्याच्या भरवशावर कुणी म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघणार आहे त्यानं तर नाहीच.

शूलिभंजनचा आग्रह का धरला, तेही सांगते. लहानगे एकनाथ पैठणहून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे आले. स्वामी किल्ल्याचे कारभारी होते. तिथल्या शिक्षणानंतर नाथांनी शूलिभंजनच्या डोंगरावर अनुष्ठान केलं, अशी परंपरा आहे. पैठण ते देवगिरी आणि देवगिरी ते शूलिभंजन, सगळं पायी. हा धागा हातात धरून तो मुलूख पाहिला की किल्ला नुसता किल्ला राहत नाही. हे लिहिण्याच्या भरात परत कसं यायचं, हे लिहायचं राहून गेलं.

आता नाइलाजाबद्दल. हा शब्द मला लागला, कारण मी त्या नाइलाजातच वाढले. आमचं गाव पैठण तालुक्यात. संध्याकाळी मुक्कामी गाडी यायची, मारुतीच्या पारापाशी रात्रभर उभी राहायची आणि पहाटे साडेपाचला निघायची. मी बारावीनंतर शहरात शिकायला आले, औरंगपुऱ्यात तिघी मैत्रिणी एका खोलीत राहायचो. माझा डबा त्या गाडीनं यायचा. आई पहाटे चारला उठून भाकरी थापायची. तीन कप्प्यांचा पितळी डबा, त्यावर बाबांच्या जुन्या धोतराचा फडका, गाठीत खोचलेली माझ्या नावाची चिठ्ठी. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये असे दहा-बारा डबे ओळीनं ठेवलेले असायचे. गाडी फलाटाला लागली की आम्ही पोरंपोरी धावत जायचो. ज्वारीची भाकरी तोवर थंड झालेली असायची, पण फडक्याला धुराचा वास असायचा. गाडी उशिरा आली की पहिला तास बुडायचा, आणि आलीच नाही तर दिवसभर उपास. म्हणून तुम्ही नाइलाज म्हणता तेव्हा मी नाही म्हणणार नाही.

पण डब्याची वाट बघत बसस्थानकाच्या आसपास जे भटकले, त्यातूनच हे शहर मला कळलं. तिथून चालत निघालं की भडकल दरवाजा येतो, पुढं खाम नदीवरचा महमूद दरवाजा आणि त्याला लागून पाणचक्की. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं हे शहर खडकी नावानं वसवलं, आणि इतक्या लोकांना पाणी कुठून आणायचं म्हणून जमिनीखालून नहर खेळवली. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा उभारला, तोही त्यानंच. पाणचक्कीला पाणी आणणारी नहर त्याच्या नंतरची, पण रीत तीच: हर्सूलकडच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी उताराउतारानं आणायचं, उंच भिंतीवरून हौदात सोडायचं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवायचं. हे नळ कुठून कसे येतात, मध्ये ते बंब म्हणजे पाण्याचे उंच मनोरे कशासाठी आहेत, हे मोटारीतून कळत नाही. तसंही या दरवाजांच्या कमानी हत्तीघोड्यांच्या मापाच्या, तिथं समोरासमोर दोन मोटारी आल्या की दोन्ही बाजूंना रांग लागते. दौलताबाद घाटातल्या दिल्ली दरवाजात तर सुट्टीच्या दिवशी गाड्या किती वेळ अडकतात, हे त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. अजिंठ्याला कितीही भारी गाडी घेऊन जा, फर्दापूरच्या टी-पॉइंटला ती लावून पुढचे चार किलोमीटर बसनंच जावं लागतं.

दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मध्ये कागजीपुरा आहे, हे तर बहुतेकांना ठाऊकच नसतं. मोटारीतले लोक तिथून दोन मिनिटांत पुढं जातात. कन्नड किंवा चाळीसगावची पाटी असलेल्या, तिथं थांबणाऱ्या गाडीतून मी एकदा केवळ नावामुळं उतरले. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी देवगिरीला आणली, तिच्याबरोबर कागद करणारे आले, असं गावात सांगतात. जुन्या दप्तरांत जो दौलताबादी कागद म्हणतात, तो इथला. एका कारखान्यात आत बोलावलं. चिंध्यांचा लगदा हौदात कालवलेला, ताकासारखा. कारागिरानं त्यात जाळीचा साचा आडवा बुडवला, दोन्ही हातांनी हलकेच हलवत वर उचलला, पाणी निथळलं आणि जाळीवर ओल्या सायीसारखा थर राहिला. तो त्यानं कापडावर पालथा केला, साचा काढून घेतला, लगेच दुसरा. बोलता बोलता पंधरा ताव झाले आणि जाडीत फरक दिसेना. मी विचारलं, किती जाड हे कसं कळतं? तो म्हणाला, मनगटाला कळतं. आणलेल्या कागदाचे चार ताव अजून माझ्या कपाटात आहेत, त्यावर लिहायचा धीर होत नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं दादा, की हा रस्ता मधल्या गावांसकट पाहायचा आहे, आणि मध्येच उतरून, चहा पिऊन, मागून येणारी गाडी धरणाऱ्याला तो दिसतो. आपल्या भागात ही काही शहरातल्या माणसांची नवी हौस नाही. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री संभाजीनगरातून माणसांचा लोंढाच्या लोंढा भद्रा मारुतीला पायी निघतो. म्हाताऱ्या बायासुद्धा त्यात असतात, पहाटे खुलताबादला पोचतात. नाथषष्ठीला पैठणच्या वाटांवर दिंड्या असतात. पण रात्री चालायचं, वाटेत जागोजाग पाणी, चहा, फराळ, सोबतीला हजारो माणसं. तुमच्या आईंना मी भर दुपारी एकटं पाठवलं. चालणं आणि ताटकळणं यात हा फरक आहे आणि तो माझ्या लेखात नव्हता.

तुमचा एक मुद्दा मात्र मला मान्य नाही. "ज्याला परवडतं त्यानं गाडी करावी, बाकीच्यांनी घरी बसावं, हेच खरं" असं तुम्ही शेवटी लिहिलंय. नका असं म्हणू. पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीत तिकीट नाही, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धं तिकीट आहे, बायकांना मार्च २०२३ पासून सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट. त्यानंतर आमच्या गावच्या बायका पहिल्यांदा लेकीकडं, माहेरी, वेरूळला आपल्या मनानं जायला लागल्या. माझी थोरली जाऊ साठीला आली, वीस कोसांवरचं घृष्णेश्वर तिनं गेल्या श्रावणात पहिल्यांदा पाहिलं. देवळाच्या मंडपात बसून ती बराच वेळ काही बोलली नाही. ती घरी बसली असती तर?

आई पुन्हा निघायला तयार असतील तर दिवाळीनंतर या, थंडीत. पहाटेची पहिली गाडी धरा. देवगिरीला वर चढायचं नाही. अंधारी, म्हणजे किल्ल्यातलं काळोखं भुयार, आणि त्यापुढच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. महाद्वारातून आत गेल्यावर बऱ्यापैकी सपाट आहे, भारतमाता मंदिराच्या खांबांच्या मंडपात सावलीत बसवा. समोर दोनशे फुटांहून उंच चांदमिनार आहे, तो बसूनही दिसतो. तुम्हाला वर जायचं असेल तर जाऊन या, त्या बसतील. खाली पेरू मिळतात, मीठ-तिखट लावून. तिथून वेरूळ. मंगळवार टाळा, लेणी बंद असतात. चौतीसच्या चौतीस पाहायचा हट्ट धरू नका. कैलास पाहा, सोळा नंबरचं, आणि तिथंच थांबा. कळसापासून पायाकडं, एका डोंगरातून कोरत आणलेलं देऊळ पाहायला एक सकाळ कमीच पडते. दुपारी घृष्णेश्वर. परतीला निघायचं ते तीन-साडेतीनच्या आत, आणि फाट्यावर उभं न राहता बसस्थानकात बसून. उतरल्या उतरल्या परतीच्या गाड्यांची वेळ वाहकालाच विचारून घ्या. फळ्यावरच्या वेळेपेक्षा त्याचं सांगणं जास्त खरं निघतं.

मलिक अंबरची कबर खुलताबादला आहे, ती यावेळी राहू द्या. ज्यानं शहर वसवलं तो शहराबाहेर एका माळावर घुमटाखाली निजलाय, तिथं जायला चालावं लागतं. तुम्ही पुढं कधी एकटे आलात तर मी सोबत येईन.

शूलिभंजनबद्दलचं ते वाक्य मी आज लेखातून काढलं. त्या जागी आता असं आहे: "वर जायचं तर जाण्या-येण्याचं भाडं खुलताबादलाच ठरवा, रिक्षा थांबवून ठेवा, माणशी दोन बाटल्या पाणी घ्या. मार्च ते जून, सकाळी दहानंतर वृद्ध माणसांना नेऊ नका."

आणखी काही घालायला हवं असेल तर कळवा. त्या रस्त्यावर दीड तास तुम्ही थांबलात, मी नाही.